एबीएसचा दिवा लागला म्हणजे मॉड्यूल गेले असे नव्हे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ज्या व्यापारी बांधवांकडे स्वतःची गाडी आहे, त्यांच्याकडून अलीकडे एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते. गाडी सुरू केली की समोर पिवळा दिवा लागतो आणि तो विझत नाही. त्यात इंग्रजीत एबीएस अशी तीन अक्षरे असतात. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, इकडेतिकडे पाहतो आणि सांगतो, "शेठ, मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." किंमत ऐकून माणूस गप्प होतो. मग कोणी उसनवारी करून खर्च करतो, तर कोणी "ब्रेक लागतोय ना, मग झालं" म्हणून दिव्याकडे पाहणेच सोडून देतो. दिव्यावर काळी पट्टी चिकटवून गाडी विकणारेही आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. मोटार दुरुस्ती हा आमचा हुन्नर नव्हे. परंतु शिरूरहून न्हावरे, चौफुला करीत दौंडपर्यंत मालाच्या निमित्ताने आमची कायम ये-जा असते. उसाच्या हंगामात त्या रस्त्याने रात्री गाडी हाकणाऱ्याला ब्रेकची किंमत वेगळी सांगायला नको. वळणावर दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली एकदम समोर येते. शिवाय दोन्ही गावांतले मिस्त्री, वायरमन, बॅटरीवाले यांच्याशी आमची वर्षानुवर्षांची ऊठबस आहे. त्यांच्याजवळ बसून, त्यांचे काम पाहून आणि कंपन्यांची माहितीपुस्तके वाचून जे समजले ते येथे देत आहोत. गाडीमालकाला चार प्रश्न विचारता यावेत आणि आपल्या कारागिराला चार गोष्टी उपयोगी पडाव्यात, एवढाच हेतू.

हा प्रश्न आताच का वाढला, याचे कारण साधे आहे. चाक जाम होऊ न देणारा ब्रेक आधी विमानांसाठी निघाला. १९७८ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या मोटारीत आणले. आपल्या देशात बराच काळ ते महागड्या मॉडेलांपुरतेच राहिले. जड ट्रक व बसगाड्यांना २०१५ सालापासून सक्ती झाली. मोटारींच्या बाबतीत १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वच नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. १२५ सीसीवरील मोटारसायकलींनाही त्याच तारखा लागू झाल्या. म्हणजे २०१९ नंतर घेतलेल्या गाड्या आता वॉरंटीबाहेर जाऊन गावच्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत. आपल्याच जिल्ह्यात चाकणला बॉशचा ब्रेकचा कारखाना आहे, शिरूर तालुक्यात रांजणगावला मोटारी तयार होतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्याच तालुक्यातल्या मिस्त्रीला हे यंत्र उघडून दाखवायला कोणी आले नाही.

यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होते आणि टायर फिरण्याऐवजी घसरतो. घसरणाऱ्या टायरला स्टेअरिंग ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे वळवा, गाडी सरळच जाणार. एबीएसमध्ये चारही चाकांजवळ एकेक सेन्सर असतो. तो चाकाचा वेग सतत मॉड्यूलला कळवतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, की मॉड्यूल त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते व पुन्हा देते, आणि हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते आणि खडखड आवाज येतो. हा आवाज बिघाडाचा नसून काम चालू असल्याचा आहे. तो ऐकून घाबरून पाय उचलणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले. मात्र सुट्या खडीवर किंवा वाळूवर एबीएसची गाडी थांबायला थोडे अंतर जास्तही घेते. स्टेअरिंग हातात राहते, हा तिचा खरा फायदा.

मॉड्यूल म्हणून जो डबा दाखवतात, तो मुळात तीन वस्तूंचा असतो. मधे ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्यात झडपा बसवलेल्या असतात आणि ज्याला मास्टर सिलेंडरचे व चार चाकांचे पाइप जोडलेले असतात. एका अंगाला लहान पंप फिरवणारी मोटर. दुसऱ्या अंगाला काळ्या प्लॅस्टिकची पेटी, तिच्यात सर्किट बोर्ड. हीच पेटी म्हणजे यंत्राचा मेंदू. तिघांपैकी नक्की कोण बिघडले, हे न सांगता "मॉड्यूल गेले" म्हणणे म्हणजे "कापड खराब निघाले" म्हणण्यासारखे झाले. सूत खराब, विणाई खराब की रंग खराब, ते सांगा ना!

दिव्यांचा एक भेद प्रत्येक गाडीमालकाने ध्यानात ठेवावा. फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला असेल, तर साधा ब्रेक चालू असतो. गाडी जुन्या काळच्या गाडीसारखी झाली, असे समजून सावकाश चालवून ती गॅरेजपर्यंत नेता येते. परंतु त्याच्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर मामला वेगळा आहे. एक तर ब्रेक ऑइल कमी झालेले असते, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी करणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असते. अशा वेळी मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरू शकते. माल भरून तर मुळीच निघू नये. आधी हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना आणि ऑइलची पातळी किती आहे, ते पाहावे.

आता तपासणी. सारा खर्च वाचतो किंवा वाया जातो तो इथेच.

यंत्रमाग पाहिलेल्या बांधवांना ठाऊक आहे, की ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबतो. जाणता विणकर माग थांबला म्हणून माग बदलत नाही, तो आधी तुटलेला धागा शोधतो. एबीएसचा मेंदूही तसाच आहे. चार चाकांपैकी एकाची जरी खबर येईनाशी झाली, तरी तो स्वतःला बंद करून घेतो व दिवा लावतो. म्हणजे दिवा लावणारा मेंदू बहुधा शाबूत असतो आणि दोष दूर कुठेतरी चाकापाशी असतो. सेन्सरची वायर स्टेअरिंगबरोबर सतत वाकते व आतून तुटते. आपल्या भागातली काळी माती, मळीचा चिखल कपलरमध्ये शिरून पिना हिरव्या पडतात. उंदीर वायर कुरतडतात. बेअरिंग सैल झाले की सेन्सर आणि कडे यांतले अंतर बदलते. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर लावला, तरी त्याचा वेग इतरांशी जुळत नाही आणि मेंदू बुचकळ्यात पडतो.

बेअरिंगची आणखी एक गोष्ट आम्हाला दौंडच्या एका बुजुर्ग उस्तादांनी दाखवली. पुष्कळ नव्या गाड्यांत दातेरी कडे नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी कडे असते. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बेअरिंग उलटे ठोकले, की सेन्सरला काहीच वाचता येत नाही. चाक मख्खनसारखे फिरते, आवाज नाही, पण दिवा लागतो. उस्ताद लहान टाचणी जवळ नेऊन चुंबकी बाजू ओळखत होते. मात्र लोखंडाचा कीस त्या कड्याला चिकटू देऊ नये, तोही सेन्सरला चकवतो.

तेव्हा पहिले काम स्कॅनर लावण्याचे. येथे एक फसगत होते. बाजारात मिळणारी मोबाइलला जोडायची स्वस्त डबी बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचते. एबीएसपर्यंत ती पोहोचत नाही आणि "कोड नाही" असे दाखवते. ब्रेकच्या यंत्रणेचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. ते कोड इंग्रजीतल्या 'सी' अक्षराने सुरू होतात. सी ००३५ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडे बोट दाखवतो, सी ०११० पंपाच्या मोटरीकडे. यू ०१२१ आला तर बाकीच्या यंत्रणांना एबीएसचा मेंदू जवाबच देत नाही, असा अर्थ. कंपन्यांचे आपापले कोड वेगळेही असतात. ज्यांचे शिक्षण आमच्यासारखे उर्दूत किंवा मराठीत झाले, त्या कारागिरांना हे इंग्रजी जड वाटते. पण शब्द मोजके आहेत. वहीत शंभर ओळी उतरवून ठेवल्या की रोजचे काम भागते.

कोड म्हणजे निकाल नव्हे, तो नुसता पत्ता आहे. सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग दिसतो. एकाने गाडी ताशी वीस किलोमीटरने चालवावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. तीन आकडे वीस आणि चौथा शून्य किंवा उड्या मारणारा दिसला, की चाक सापडले. मग वायर हलवून पाहावी. जुन्या पद्धतीच्या गुंडाळीच्या सेन्सरला मीटरने ओहम मोजता येतात, नव्या पद्धतीच्या सेन्सरला तसे मोजू नये. त्याला मिळणारे व्होल्ट पाहावेत.

मेंदूवर शेवटचा ठपका ठेवण्याआधी त्याचे अन्नपाणी तपासणे जरूर आहे. बॅटरी अशक्त असली, तरी सेल मारताना दाब पडून दिवा लागतो. पंपाचा जाडा फ्यूज वेगळा असतो, तो पाहावा. आणि अर्थिंग. बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टने कसलेली असते, तिथे गंज चढतो. टेस्ट लॅम्प तिथे लख्ख पेटतो, म्हणून वायरमन निर्धास्त होतो. पण लॅम्पला लागणारा करंट किरकोळ आणि पंपाला लागणारा भारी. म्हणून पंप स्कॅनरने चालवून त्याच वेळी अर्थवरचा व्होल्टेज मोजावा. आमच्या स्वतःच्या सात आसनी गाडीला एका गॅरेजने नवे मॉड्यूल सांगितले होते. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण वायरमनने अर्थचा बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावून कसला आणि कोड पुसला. दिवा गेला, तो गेलाच. त्याने मागितले दोनशे रुपये.

त्या दोनशे रुपयांवर आम्हाला थोडे बोलायचे आहे. त्या मुलाचा दीड तास गेला होता. दोष शोधण्याची अक्कल त्याची, स्कॅनर त्याचा. आपल्याकडे गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देते, तपासणीचे देत नाही. "काय केलंस, एक बोल्ट तर कसलास" म्हणते. मग मिस्त्रीनेही हिशेब शिकून घेतला आहे. दोष शोधून दोनशे मिळवण्यापेक्षा वस्तू बदलून तिच्यावर मार्जिन घेणे त्याला परवडते. बरेच सुटे भाग निष्कारण बदलले जातात ते या सवयीपायी, असे म्हटले तरी चालेल. आमचे म्हणणे असे, की गॅरेजवाल्याने तपासणीची फी आधी सांगून वेगळी घ्यावी आणि गिऱ्हाइकाने ती हसत द्यावी. चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल, तर एका गल्लीतल्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीत घ्यावा. विणकरांनी कांडीचे यंत्र भागीत घेतल्याची उदाहरणे आपल्यात कमी नाहीत.

एवढे करूनही मॉड्यूलच दोषी निघते, असेही होतेच. पंप बंदच होत नाही, चावी काढली तरी घरघरतो आणि रातोरात बॅटरी उतरते. किंवा व्होल्टेज, अर्थ, वायरी सर्व ठीक असून मेंदू स्कॅनरला जवाब देत नाही. तेव्हा विचारावे, पूर्ण युनिट बदलायचे की फक्त काळी पेटी? कित्येक युनिटांत ती पेटी स्क्रूवर बसवलेली असते आणि ब्रेकचे पाइप न सोडता निघते. सर्किट बोर्डाचे डाख तडकलेले असतील, तर ते दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. पेटी काढताना ठोकळ्याच्या बाजूला ऑइलचा ओलावा दिसला, तर झडपांचे सील गेले असे समजावे. तिथे नुसती पेटी बदलून भागत नाही.

पूर्ण युनिट बदलणे हे धीराचे काम आहे. चावी बंद, बॅटरीची ऋण वायर सोडलेली, मग थोडा वेळ थांबून कपलर काढायचा. चावी चालू असताना कपलर ओढला, तर चांगला मेंदूही जातो. पाइप सोडण्याआधी फोटो काढावा व प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी. दोन पाइपांची अदलाबदल झाली, तर मेंदू दाब सोडील एका चाकाचा आणि सुटेल दुसऱ्याच चाकाचा. एबीएस नसलेल्या गाडीपेक्षा ती गाडी धोक्याची. साध्या पान्याने नट गोल होतात, म्हणून पाइपच्या नटाचा खास पाना वापरावा. तोंडे लगेच टोप्यांनी बंद करावीत, धुळीचा एक कण झडपेत अडकला तरी पुरे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उचलते, तिथे ताबडतोब पाणी टाकावे. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, आणि सीलबंद डब्यातले घ्यावे. ते हवेतली दमट शोषून घेते, म्हणून कपाटात वर्षभर उघडा पडलेला डबा फेकून द्यावा.

हवा काढताना बहुतेक काम फसते. पेडल मारून चार निपलांतून हवा काढली, तरी ठोकळ्याच्या आतल्या पोकळ्यांत हवा राहू शकते. तिथल्या झडपा एरवी मिटलेल्या असतात. स्कॅनरने पंप व झडपा चालवून ती काढावी लागते. ऑइल भरून आलेल्या नव्या युनिटला हा त्रास कमी, कोरड्या युनिटला जास्त. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, तो क्रम गाडीगणिक वेगळा आहे, तो पुस्तकात पाहावा. पेडल लुसलुशीत लागत असेल, तर गाडी ताब्यात घेऊ नये, मग मिस्त्री कितीही "चालवली की बसेल" म्हणो. त्यानंतर नव्या मेंदूला गाडीची ओळख द्यावी लागते. गाडीचा नंबर, टायरचे माप, मॉडेलचा प्रकार त्यात भरावा लागतो. घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा असलेल्या गाड्यांत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणावा लागतो. हे गावात होणार नसेल, तर गाडी आधीच पुण्याला न्यावी. अर्धे काम इथे, अर्धे तिथे केले की जिम्मेदारी कोणीच घेत नाही.

जुन्या युनिटाविषयी. पुण्यात नाना पेठ हा सुट्या भागांचा बाजार, तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड मोडीच्या गाड्यांच्या भागांसाठी प्रसिद्ध. तेथे युनिट नव्याच्या बऱ्याच कमी भावात मिळते. हरकत नाही, परंतु लेबलावरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. डबा सारखा दिसतो म्हणून चालत नाही, आतली आज्ञावली वेगळी असते. पाण्यात बुडालेल्या गाडीचे नाही ना, ते कपलरच्या पिना पाहून ठरवावे. काही मेंदू पहिल्या गाडीच्या नंबराशी बांधलेले असतात, दुसऱ्या गाडीत ते चालत नाहीत. तेव्हा "लागले नाही तर परत" असे लिहून घ्यावे. बिलाशिवाय घेऊ नये. माल चोरीचा निघाला, तर घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अडचणीत येऊ शकतो. आणि मिस्त्रीने जुने युनिट बसवले असेल, तर गिऱ्हाइकाला तसे सांगून, बिलावर तसे लिहूनच पैसे घ्यावेत. जुना माल विकणे ऐब नाही, तो नवा म्हणून विकणे आहे.

बिलाचा विषय निघाला म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. माल वाहणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवर मात्र आपल्यासारख्यांना ते मिळत नाही, गाडीत आपण तागे भरत असलो तरी. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना क्रेडिटचा प्रश्नच नाही. आपल्या हिशेबनीसाला विचारून घ्यावे.

दिवा तसाच ठेवून गाडी हाकणाऱ्यांसाठी एवढेच, की दोष माहीत असून धोक्याचे वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि त्यातून अपघात झाला तर शिक्षा वाढते.

काम झाल्यावर गाडी लगेच हायवेला नेऊ नये. आधी उभ्या गाडीत पेडल दाबून धरावे व सर्व जोड कोरडे आहेत का, ते कागद लावून पाहावे. मग मोकळ्या मैदानात ताशी तीस-चाळीसच्या वेगाने एकदम ब्रेक दाबावा. पेडल थरथरले, गाडी सरळ थांबली आणि दिवा लागला नाही, तर काम झाले. या फेरीला मिस्त्रीला शेजारी बसवावे. पुढे कधी त्या गाडीला कॅरिअर किंवा गार्ड बसवण्यासाठी वेल्डिंग करायचे ठरले, तर आधी बॅटरीची वायर आणि एबीएसचा कपलर दोन्ही सोडून घ्यावेत. वेल्डिंगचा करंट बॉडीतून वाट काढताना मेंदूतून जातो. वेल्डरला हे ठाऊक असतेच असे नाही, म्हणून सांगण्याचे काम गाडीमालकाचे.